सोमवारची दाढी

“अहो, थांबा, थांबा! रेझर आहे तो, पेन्सिल नाही. असंच धरलंत ना, तर काकांचं नाक वेगळ्या पिशवीतून घरी न्यावं लागेल.”

मी दचकून मागे पाहिलं. हॉस्पिटलच्या बेडमागे एक माणूस उभा होता. एका हातात गरम पाण्याची बादली, दुसऱ्या खांद्यावर टॉवेलांची चळत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिशीचा असावा. चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळे माझ्याकडे नव्हतेच. ते बाबांच्या गालावर होते. तिथे दोन जागी रक्त आलं होतं, आणि ते मीच काढलं होतं.

बाबांना झटका येऊन बावीस दिवस झाले होते. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. राहिला एकच शब्द – ‘चला’. पाणी हवं असलं तरी चला, कूस बदलायची असली तरी चला, राग आला तरी चला. वर्कशॉपात फिटर म्हणून छत्तीस वर्षं काम केलं त्यांनी. ग्रीसचे डाग नखांतून कधी गेले नाहीत, पण दाढीचा खुंट कुणाला कधी दिसला नाही. त्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं... आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणून मी घरून त्यांचा रेझर आणला होता. दुसऱ्याची दाढी मात्र मी कधी केली नव्हती.

“तुम्ही कोण?” मी जरा घुश्शातच विचारलं.

“बसस्टँडसमोर सलून आहे माझं. सोमवारी बंद असतं.”

“मग सोमवारी झोपा की घरी.”

“झोपलो असतो. पण मग काकांच्या नाकाचं काय?”

मी काही बोलायच्या आत तो बाबांवर वाकला. “काका, करूया का?”

“चला,” बाबा म्हणाले.

“हो म्हणाले.”

“ते सगळ्यालाच तेच म्हणतात.”

“असेल. पण आत्ता हो म्हणाले. आवाज ऐकलात ना?”

त्याने तुरटी फिरवून रक्त थांबवलं. सिस्टरकडे जाऊन औषधांचं विचारून आला. नवं ब्लेड काढून माझ्यासमोर लावलं. ब्रश घोळवून घोळवून फेस केला, आणि त्या डेटॉलच्या, लघवीच्या, शिळ्या अन्नाच्या वासात एकदम साबणाचा स्वच्छ वास पसरला. बाबांनी डोळे मिटले. ब्लेड डाव्या गालाशी आलं, तसा त्यांनी जिभेने आतून गाल फुगवला – आयुष्यभराची सवय! उजवा गाल मात्र लोंबतच राहिला. तिथे त्याने आपलं बोट लावून कातडी अलगद ताणली, इतकी सहज की बाबांना कळलंही नसेल.

टॉवेल काढला तेव्हा बावीस दिवसांनी मला माझे बाबा दिसले. मी पटकन पाठ फिरवली.

“लागलं का काकांना?” तो घाबरून म्हणाला.

“नाही हो...” मी म्हटलं. 

तोवर तो शेजारच्या बेडवर पोचलाही होता. तिथे पाट्या रंगवणारे पेंटरकाका होते, मांडीचं हाड मोडून पडलेले. “ये रे फेसवाल्या,” ते ओरडले, “आज मिशी राखायची की जाऊ द्यायची, बायकोला विचारलं नाही मी.” अख्खा वॉर्ड त्याला फेसवाला म्हणायचा. वीस बेड, आणि दर सोमवारी सकाळपासून दुपारपर्यंत तो एकटा.

पुढच्या सोमवारी मी त्याची बादली भरून ठेवली. त्याच्या पुढच्या सोमवारी टॉवेल धुऊन आणले.

“तुम्हाला काम नाही वाटतं?” तो फेस करता करता म्हणाला.

“आहे. शिवणकामाच्या दुकानात ऑल्टरेशन करते. सोमवारी दुपारी जाते.”

“बाकीच्या दिवशी?”

“सकाळी.”

“म्हणजे फक्त सोमवारीच उशीर होतो...”

“बाबांसाठी,” मी घाईने म्हटलं.

“हो हो, काकांसाठीच,” तो म्हणाला, आणि ब्रशकडे बघून हसला.

पेंटरकाका खाकरले. “पोरी, सोमवारी तुझी ओढणी इस्त्रीची असते हं. मी रंगाचा माणूस आहे, मला दिसतं.”

त्या वॉर्डात हसायला जागा फार थोडी होती. समोरचा बेड कधी दोन दिवसांत रिकामा व्हायचा, कधी दोन तासांत. रिकामा म्हणजे काय, हे कुणी विचारायचं नाही. चादर बदलली जायची, आणि नवं कुणीतरी कण्हायला लागायचं. आम्ही जे काही बोलत होतो, ते त्या कण्हण्याच्या फटीतून.

बाबांना शर्ट घालणं म्हणजे रोजची शिक्षा होती. गेलेला हात बाहीत सरकवताना ते ‘चला, चला’ म्हणून अक्षरशः किंचाळायचे. मग मी त्यांच्या एका जुन्या शर्टाची मनगटापासून कमरेपर्यंत सगळी शिवण उसवली आणि प्रेस बटणं लावली. हात हलवायचाच नाही. शर्ट नुसता वरून पांघरायचा आणि बाजूने बंद करायचा.

फेसवाल्याने ती बटणं दोनदा उघडून पाहिली, दोनदा लावली. “हे तुम्ही केलंत? मग अकरा नंबरलाही एक होईल का?”

अकरा नंबरचा माणूस रस्त्यात पडलेला सापडला होता. त्याच्याकडे कुणीही येत नसे. तो बोलत नसे, बघत नसे. दाढी करून घेई आणि पुन्हा छताकडे तोंड करी.

“मला एकच बाप आहे,” मी फाडकन म्हटलं. “तेवढाच मला झेपत नाही. सगळ्या वॉर्डाची कुठे काळजी करू?”

तो रागावला नाही.  त्याचाच मला राग आला. बादली रिकामी करायला तो जिन्यापाशी गेला, तशी मी मागोमाग गेले.

“तुम्ही तरी कशाला करता हे? पुण्य साठवताय का?”

“छे.” तो पायरीवर टेकला. “माझा मोठा भाऊ अशाच वॉर्डात होता. पोटाचा आजार. दोन महिने. मी सलूनवाला, आणि सख्ख्या भावाची दाढी वाढलेली... हात लावायचं धाडसच नव्हतं. वाटायचं, चेहरा साफ केला तर किती खंगलाय ते दिसेल. एकदा दुपारी गेलो, तर भाऊ गुळगुळीत! समोरच्या पेशंटचा मेहुणा आला होता, ट्रक चालवायचा. स्वतःच्या सामानाने करून निघूनही गेला. भावाने आरसा मागितला. म्हणाला, ‘हा कोण रे देखणा?’” त्याने बादली पालथी ठेवली. “दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला तो. तिसऱ्या दिवशी गेला.”

“आणि तो ट्रकवाला?”

“खूप शोधला. नाव नाही, गाव नाही. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. मग म्हटलं, सोमवार रिकामा असतो...”

त्या संध्याकाळी मी दुकानात निळ्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांतून एक शर्ट शिवला. अकरा नंबरला घातला तेव्हा त्याने बोटाने एकेक बटण चाचपलं, वरपासून खालपर्यंत, मग खालपासून वरपर्यंत. आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. गुरुवारी तो गेला. सिस्टर म्हणाल्या, “शर्ट काढला नाही गं मी. तसाच जाऊ दिला.”

मी वॉर्डाच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. मग दुकानात जाऊन दुसरा शिवायला घेतला. आमच्या मालकीणबाईंनी दोन-तीन दिवस नुसतं बघून घेतलं. नंतर कापडाच्या उरलेल्या पट्ट्या माझ्या मशीनखाली येऊन पडायला लागल्या, आणि एका सकाळी पाहते तर माझ्या अर्धवट शर्टाला कुणीतरी प्रेस बटणं लावून ठेवलेली! पेंटरकाकांची बायको शेजारच्या बायकांच्या वॉर्डात वेण्या घालायला जायला लागली. “नवऱ्याचं तोंड किती वेळ बघणार?” म्हणायची. कुणी कुणाला सांगत नव्हतं. आपोआप होत होतं.

आणि मग तो सोमवार आला.

सकाळीच सिस्टर मला म्हणाल्या होत्या, “आजपासून बाबांना रक्त पातळ करायचं औषध सुरू केलंय. काही लागू देऊ नकोस. सांग त्यालाही.” मी मान डोलावली. दादा, माझा थोरला भाऊ, परगावाहून महिन्याने आला होता आणि खाली डॉक्टरांची वाट बघत होता. त्याच्यासमोर काय काय मांडायचं ते मी मनात घोळवत होते. तेवढ्यात फेसवाला बादली घेऊन आला... आणि मनातलं सगळं पुसलं गेलं.

सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकल्या होत्या. त्याने मलाच विचारलं, “काय नवीन? औषध वगैरे काही बदललं?”

मी हसले. “काही नाही. नवीन म्हणजे माझी ओढणी. दिसत नाही का?”

“दिसली ना... दारातूनच दिसली,” तो हळूच म्हणाला, आणि मला कानापर्यंत गरम वाटलं.

हनुवटीखालच्या तिळाला ब्लेड जरासं लागलं. एरवी तुरटीने थांबलं असतं. ते थांबलं नाही. टॉवेल लाल झाला, मग उशी. सिस्टर धावत आल्या, डॉक्टर आले. पाऊण तास सिस्टरांनी बोटाने दाबून धरलं होतं. बाबांचे डोळे विस्फारलेले, आणि तोंडात ‘चला... चला...’

“कोणी हात लावू दिला याला?” दादा दारातून ओरडला. “आणि तू काय करत होतीस?”

“मी...” माझी नजर बादलीवर गेली. “मी पाणी आणायला गेले होते.”

फेसवाल्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग तो दादाकडे वळला. “चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं.”

सुपरिंटेंडंट बाईंनी त्याला त्याच दिवशी बंदी केली. त्याने ब्रश पुसला, बॅग बंद केली आणि निघून गेला. मी खिडकीपाशी उभी होते, पण मला खाली बघण्याची हिंमत झाली नाही.

दोन सोमवार कोरडे गेले. वॉर्डात सगळ्यांचे खुंट वाढले. बाबा सकाळपासून दाराकडे डोळे लावायचे, दुपारी मिटायचे. पेंटरकाका माझ्याशी बोलेनासे झाले. शेवटी मीच विचारलं, तर म्हणाले, “माझं हाड मोडलंय पोरी. कान शाबूत आहेत.”

दुसऱ्या दिवशी मी सुपरिंटेंडंट बाईंच्या खोलीत गेले. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्याने विचारलं होतं, मला माहीत होतं, मी बोलले नाही, वर खोटं बोलले. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “ब्लेड नाही, ट्रिमर. प्रत्येक पेशंटसाठी सिस्टरची सही. या अटीवर येऊ दे त्याला. आणि हे तुमच्या भावालाही तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.”

तसंच सलूनवर जायला हवं होतं. गेले नाही.  म्हटलं, उद्या दुकानाच्या आधी जाईन... काय बोलायचं ते नीट ठरवून जाईन.

सकाळी दहाला बाबांना दुसरा झटका आला. मी त्यांचा डावा हात धरला होता. त्यांनी माझी बोटं घट्ट आवळली, म्हणाले, “चला,” आणि या वेळी त्याचा अर्थ लावायला मला वेळच मिळाला नाही.

दादा दुपारी पोचला. मी त्याला बाबांपाशी बसवलं आणि बसस्टँडकडे धावत सुटले.

सलूनमध्ये गर्दी नव्हती. खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ अर्ध्या तोंडाला फेस लावून बसले होते. फेसवाल्याने मला आरशातच पाहिलं. त्याचा हात थांबला.

“बाबा गेले,” मी म्हटलं. “दाढी वाढलीय त्यांची...”

तो गिऱ्हाईकाकडे वळला, पण काय बोलावं ते त्याला सुचेना. त्या गृहस्थांनी मला एकदा पाहिलं आणि गळ्यातला टॉवेल स्वतःच ओढून काढला. “जा तू. माझं काय, पुसून टाकतो. दुकान बघायला मी बसलोय, जा.” आम्ही वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते तसेच, अर्ध्या गालावर फेस घेऊन, दुकानाच्या दारात उभे होते.

वॉर्डात पडदा ओढलेला होता. फेसवाल्याला पाहताच दादा ताडकन उठला. “हा इथे कशाला?”

“दादा,” मी म्हटलं, “त्या दिवशी मी पाणी आणायला गेले नव्हते. मी इथेच होते. याने विचारलं होतं मला. सिस्टरांनी सांगितलेलं मी याला सांगितलं नाही. चूक माझी होती, आणि ती याने अंगावर घेतली.”

दादा माझ्याकडे पाहत राहिला. मग बाबांकडे. पांढरे खुंट, आत गेलेले गाल. त्याचा चेहरा हळूहळू वाकडा झाला, लहानपणी रडू दाबताना व्हायचा तसा.  फेसवाल्याने आणून ठेवलेलं गरम पाण्याचं भांडं त्याने उचललं आणि दोन्ही हातांत धरून उशाशी उभा राहिला.

फेसवाल्याने फेस केला. उजवा गाल बोटाने ताणून केला, नेहमीसारखाच. मग डाव्या गालाशी आला आणि थांबला. सवयीने वाट बघत होता, गाल फुगण्याची. त्याच्या लक्षात आलं, तशी त्याने ओठ आवळले आणि त्याही गालाला बोट लावलं.

पाणी गार होईपर्यंत दादा भांडं धरून उभा होता.

सव्वा महिना गेला. दादा आता दर रविवारी फोन करतो. पेंटरकाका काठी टेकत घरी गेले. मी एका सोमवारी चार शर्ट घेऊन वॉर्डात गेले. सिस्टर म्हणाल्या, “फेसवाला आलाच नाही गं. परवानगीचं मी स्वतः कळवलं. हो म्हणाला, पण आला नाही.”

सलूनचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत गेले. तो गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला होता, हात मांडीवर, समोर आरसा.

“आज बंद आहे,” तो म्हणाला. मग मला ओळखलं आणि उठून उभा राहिला.

“बसा. मी माफी मागायला आलेय. फार उशिरा आलेय.”

“त्याच दिवशी झाली माफी.”

“का? मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले.”

“तुमचे दादा ओरडत होते. तुम्ही खरं बोलला असतात, तर ते तुमच्यावर आणखी ओरडले असते. मला ते बघवलं नसतं.”

“का बघवलं नसतं?”

 रस्त्यावरून बस गेली, आरसा थरथरला.

“मी शिवणकाम करते,” मी म्हटलं. “अर्धवट टाका मला चालत नाही. पुरं बोला.”

“तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे. ऐकायचंय.”

“आवडता तुम्ही मला,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “दुसऱ्या सोमवारपासून.”

“पहिल्या नाही?”

“पहिल्या सोमवारी काकांकडे लक्ष होतं.” तो हसायला गेला, आणि मध्येच त्याचा आवाज फाटला. “काकांचा डावा गाल मला धरावा लागला... त्या दिवसापासून कुणाचाही गाल धरला की बोटांना गार लागतं. भावासाठी रडलो नव्हतो मी. वाटलं होतं, दाढ्या करून फेडतोय. काही फिटत नाही. माणसं जातच राहतात. मला नाही जमायचं आता.”

मी त्याच्या शेजारी बसले. त्याचा हात हातात घेतला. बोटं खरंच गार होती. तो रडला – मोकळा, मोठ्याने, बराच वेळ. मी त्याला गप्प केलं नाही. मलाही रडायचं होतंच.

“जमणार नाही, तर नको जमू दे,” शेवटी मी म्हटलं. “मी काही वॉर्डासाठी आले नाही इथे. तुझ्यासाठी आलेय.”

‘तू’ कधी तोंडातून गेलं, मला कळलं नाही. त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं – ओले डोळे, लाल नाक, अजिबात देखणा दिसत नव्हता. मग हळूच उठला, फळीवरचं ट्रिमरचं खोकं काढलं. सीलही फोडलेलं नव्हतं.

“चालतेस का बरोबर? एकच दाढी. जमली तर जमली.”

सात नंबरला नवे पेशंट होते, शाळामास्तर. दोन्ही पायांना प्लास्टर, गालावर आठवडाभराचे खुंट. सिस्टरांनी सही केली. फेसवाल्याने ट्रिमर सुरू केला, आणि त्याचा हात मास्तरांच्या गालापासून वीतभर अंतरावर थांबला.  मी त्याच्या कोपराखाली माझा तळहात लावून उभी राहिले.

मास्तरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “ही तुमची बायको का?”

त्याच्या कोपराचं सगळं वजन माझ्या तळहातावर आलं.

“व्हायची आहे,” मी म्हटलं. “आधी तुमची दाढी होऊ दे.”